मिस्त्रींचा पांढरा रुमाल

चालू गाडीच्या सायलेन्सरला पांढरा रुमाल लावून, उकिडवं बसून, मोठ्यानं एक ते तीस आकडे म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाथर्डीला बदली होऊन आलो त्या पहिल्याच सकाळी पाहिला. मला वाटलं, नवस वगैरे फेडतोय. तीस झाल्यावर त्यानं रुमालावरचा काळा डाग उन्हात धरून पाहिला आणि ड्रायव्हरला विचारलं, "काय चारतो रं हिला? डांबर?"

हे रंगनाथ मिस्त्री. जीपस्टँडला लागून त्यांचं गॅरेज. दारातल्या दोरीवर असे दहा-बारा रुमाल चिमट्यांनी टांगलेले असत, कोपऱ्यात बॉलपेननं गाडीचा नंबर. स्टँडवरच्या प्रत्येक जीपची कुंडली त्या दोरीवर वाळत असायची.

माझी शाळा पुढच्या खेड्यात. अंबादासच्या जीपनं मी रोज जायचो आणि जीप भरेपर्यंत मिस्त्रींच्या बाकड्यावर बसायचो. जीप भरणं म्हणजे जेवढी माणसं आत, तेवढीच बाहेर लोंबकळली की मग. त्यामुळे मिस्त्रींचा सहवास मला भरपूर मिळाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नव्या डिझेल जीपांत तेव्हा एक नळी येऊ लागली होती. बाहेर निघालेला थोडा धूर ती परत इंजिनात नेऊन सोडायची. या नळीवर मिस्त्रींचा भयंकर राग.

"येकदा जळलेलं पुन्यांदा जाळायचं म्हंजे इंजिनाला उष्टं चारनं, सर. तुमी खाता का कुनाचं उष्टं?"

"नाही."

"मंग?"

या "मंग"पुढे माझं कधी काही चाललं नाही.

त्यांचा इलाज म्हणजे ऑइलच्या पिंपाच्या पत्र्याची चकती. नळीच्या तोंडाशी दोन बोल्टांत ती आवळली की उष्टं बंद. चार-पाच चकत्या खिशात कायम तयार. कुणी सांगायची वाट ते पाहत नसत. ड्रायव्हर चहाला उतरला की मिस्त्री बॉनेटमध्ये शिरत आणि त्यानं कप खाली ठेवेपर्यंत काम झालेलं असे. गुणही यायचा. काळा धूर निम्म्यावर यायचा आणि जीप करंजी घाट न कुंथता चढायची. इंजिन तेवढं जास्त खडखडायचं. अंबादासनं तशी तक्रार केली, तर म्हणाले, "पोट भरल्यालं मानूस मोठ्यानंच बोलतं. बोलू दे."

मी विज्ञानाचा मास्तर. रोज सकाळी एका "मंग"नं गप्प होणं मला लागायचं. त्यामुळे अंबादासनं एकदा जीपबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचायला आणून दिलं, तेव्हा मी आधी त्या नळीचंच पान काढलं. वाचलं आणि मला अक्षरशः उकळ्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी चहा यायच्या आतच मी सुरुवात केली.

"मिस्त्री, ती नळी इंजिनातली आग जरा थंड ठेवते. तुम्ही ती बंद केली की आग भडकते आणि एक झोंबरा वायू जास्त तयार होतो. तुमचा काळा धूर गेला, पण हा न दिसणारा वाढला. सरळ छातीत उतरतो तो. दम्याच्या माणसाला तर फारच वाईट."

आता "मंग?" येणार म्हणून मी सरसावून बसलो. मिस्त्रींनी दोरीवरच्या रुमालांकडे पाहिलं.

"रुमालावर दिसत न्हाई त्यो?"

"नाही."

"कशावरच न्हाई?"

"आपल्याला दिसेल असा नाहीच."

त्यांनी खिशातल्या चकत्या काढून बाकड्यावर ठेवल्या, पाना उचलला आणि चहा तसाच टाकून निघून गेले. मी जिंकलो होतो. दिवसभर वर्गात मी फार खुशीत होतो.

परतताना अंबादासनं माझी खुशी उतरवली. "सर, तुमी काय बोलला मिस्त्रींना? सकाळधरनं समद्या जीपांखाली पडून चकत्या काढत्यात. त्यांच्या घरी काकूला दमा हाय, म्हाईत न्हाई का तुमाला?"

मला माहीत नव्हतं. रोज त्या बाकड्यावर बसून मी कधी विचारलंच नव्हतं.

जीपमधून उतरलो तो तसाच त्यांच्या घरी गेलो. गॅरेजच्या मागेच त्यांची खोली. तिची एकुलती एक खिडकी जीपस्टँडकडे उघडत होती. काकू पाठीशी दोन उशा घेऊन खाटेवर बसलेल्या. खिडकीच्या गजाला एक पांढरा रुमाल बांधलेला. त्याच्यावर मात्र नंबर नव्हता.

"रोज सांच्याला सोडून... बघत्यात," काकू म्हणाल्या. दोन-तीन शब्दांनंतर त्या थांबत होत्या. "आधी काळा... ठिक्कर व्हायचा. आता बघा... कसा हाय."

रुमाल जवळजवळ पांढराच होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बसवेना. या माणसानं स्टँडवरची एकेक जीप पकडून खिडकीतला धूर कमी केला होता आणि वादात जिंकायच्या हौसेपायी मी त्याला सांगून बसलो होतो, की बायकोला तूच विष दिलंस.

पुढचे आठ दिवस मी बाकड्याकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी मिस्त्रींनीच हाक मारली. हातात ब्रश, कोपरापर्यंत काजळी.

"सर, नळी वाईट न्हवती. काजळीनं तिचं झाकन उघडंच आडकून बसायचं, म्हून नको तवाबी धूर आत जायचा. आता दर म्हयन्याला झाकन घासून देतो. उष्टं तर उष्टं, पन ताट घासून वाढायचं."

शिवाय स्टँडवर नवा कायदा झाला होता. जीप भरेपर्यंत इंजिन बंद. कुणी चालू ठेवलंच, तर मिस्त्री हात घालून किल्ली काढून घेत.

"पण न दिसणारा धूर कमी झाला की नाही, कळणार कसं?" मी भीत भीत विचारलं.

"घावलं तेचं माप. या."

त्यांनी मला खिडकीखाली नेलं आणि आत तोंड करून ओरडले, "आगं, आज भाजीत मीठ टाकायचं इसारली व्हय? आन् ती भाकरी हुती का गाडीचा पाटा?"

आतून तोफ सुटली. जन्मात कधी चूल पेटवली आहे का इथपासून, तुमच्या आईनं तुम्हाला काय शिकवलं इथपर्यंत. मिस्त्री डोळे मिटून, एकेक बोट दुमडत, ओठांतल्या ओठांत मोजत होते. मीही मोजू लागलो. तेरा. चौदा. काकू थांबल्या नव्हत्या. बावीस. तेवीस. काकू एका दमात मिस्त्रींच्या मामाच्या गावापर्यंत पोचल्या.

"तीस," मिस्त्री पुटपुटले. डोळे उघडले, तर भरलेले. "मागल्या आठवड्यात आकरालाच थांबली हुती."

माझ्या छातीवरचा आठ दिवसांचा धोंडा उतरला. मिस्त्रींनी काजळीच्याच हातानं डोळे पुसले.

"भाजी लई झ्याक झालती, सर," ते हळूच म्हणाले. "पन तिला सांगू नका."