वैद्य काकूंचे अठरा धडे

वैद्य काकू कॉम्प्युटरला 'अहो' म्हणायच्या. "अहो, पासवर्ड बरोबर आहे हो, पुन्हा बघा की," असं स्क्रीनला अगदी समजुतीनं सांगायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अजून नीट ओळख नाही रे. एकदम एकेरीवर कसं यायचं?" ओळख वाढली की मग अरे-तुरे. ईमेलला त्या केव्हाच 'अरे' म्हणायला लागल्या होत्या.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या समोरच्या घरात त्या एकट्या राहायच्या. काका जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी टेक्सासला. जवळच्याच एका शाळेत काकू बावीस वर्षं लायब्रेरियन. २००७च्या हिवाळ्यात वरच्या ऑफिसनं गावातल्या सगळ्या शाळांच्या लायब्रेरियनना ऑनलाइन ट्रेनिंग लावलं. ब्लॉग, सगळ्यांनी मिळून लिहायचं विकी, फोटो अपलोड करणं, आवाज रेकॉर्ड करणं, असे अठरा धडे. शिकवायला कोणी नाही. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं करायचे, फक्त मेअखेर संपवायचे. ज्यांचे संपणार नाहीत त्यांची लायब्ररी पुढच्या वर्षी कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या ताब्यात जाणार, अशी कुणकुण होती.

मी आयटीतला. त्यामुळे काही अडलं की रविवारी दुपारी काकूंचा फोन यायचा आणि मी बर्फ तुडवत समोर जायचो. टेबलावर ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली वही असायची. तिच्यात सुवाच्य अक्षरात नोट्स. 'उजवं बटण: जपून.' 'आधी सेव्ह, मग शंका.' 'विकी: कोणीही येऊन खोडतो. आणि कोणी रागवत नाही!'

मार्च उजाडला तेव्हा बाकीची मंडळी तेराव्या धड्यावर होती आणि काकू सहाव्या. मी म्हटलं, जरा स्पीड वाढवा, नाहीतर लायब्ररी हातची जाईल.

"आपल्या सोयीनं करा म्हणालेत ना?" असं म्हणून त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

एप्रिलमध्ये त्या नवव्या धड्यावर अडल्या. आपल्या आवडीच्या ब्लॉगवर नवीन काही आलं की आपोआप कळावं, अशी यादी बनवायची होती. मी बघतो तर काकूंच्या यादीत ट्रेनिंगमधल्या झाडून सगळ्या लायब्रेरियनचे ब्लॉग. दोन-चार उघडले. प्रत्येक पोस्टखाली एकेक कॉमेंट, आणि ती काकूंची. एका बाईंच्या मांजराच्या तब्येतीची चौकशी होती. एका गृहस्थांनी नुसतं 'टेस्ट' लिहून ट्रेनिंग सोडलं होतं. त्याखाली काकूंनी लिहिलं होतं, 'छान दिसतंय. पुढचंही येऊ द्या.'

मी म्हटलं, काकू, हे धड्यात कुठेच नाही, यातच तुमचा वेळ जातोय.

"कोणी लिहिलं आणि कोणीच वाचलं नाही, असं कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "लायब्रेरियन आहे ना मी?"

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी सहज त्यांचा स्वतःचा ब्लॉग उघडला. अकरा पोस्ट, आणि प्रत्येकीखाली कॉमेंट शून्य. शेवटची पोस्ट मराठीत होती. तिच्यात लिहिलं होतं, की काकांना वाचनाची फारशी आवड नव्हती, पण रोज जेवताना ते विचारायचे, आज पोरांनी काय काय नेलं? 'अजूनही दिवसभर मी लक्षात ठेवते. घरी आल्यावर सांगायला कोणी नसतं, म्हणून इथे लिहिते. आज तिसरीतल्या एका मुलीनं देवमाशाचं तेच पुस्तक चौथ्यांदा नेलं.'

काकू चहा घेऊन आल्या. मी यादी लावून दिली, चहा प्यायलो आणि घरी आलो. घरी कॉम्प्युटर उघडला आणि त्या पोस्टखाली लिहिलं, 'चौथ्यांदा का नेलं?'

सकाळी शिकागोची गाडी पकडण्याआधी बघितलं, तर उत्तर आलेलं. चांगलं दोन पानांचं. वाचता वाचता माझी गाडी चुकली.

काकूंनी अठरावा धडा मेच्या शेवटच्या दिवशी संपवला, सगळ्यांत शेवटी. लायब्ररी त्यांच्याकडेच राहिली. ट्रेनिंग संपल्यावर बाकीच्यांचे ब्लॉग हळूहळू बंद पडले. काकूंचा चालू राहिला. संध्याकाळी जेवायला बसलो की मी तो उघडायचो.