सभासद क्रमांक सत्तावीस

आमच्या घरी दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक गृहस्थ पुस्तक वाचायला येत. पुस्तक त्यांचं, ठेवलेलं आमच्याकडे. दारात चपला काढायच्या, माझ्या बायकोला म्हणायचं, "वयनी, मनं पुस्तक द्या जरासं," आणि खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीवर बसून तासभर वाचायचं. तास झाला की पानात नायलॉनचा एक रंगीत धागा ठेवायचा, पुस्तक परत द्यायचं आणि पुढच्या घरी जायचं. पुढच्या घरी त्यांचं दुसरं पुस्तक असे.

आमच्याकडे ठेवलेलं पुस्तक होतं जनावरांच्या खुरांच्या रोगांवर. आता, मी इथे गुजरातेत, उधन्याच्या एका डाईंग मिलमध्ये कारकून. आमच्याकडे बैल नाही, म्हैस नाही, अकोल्याकडचं गाव सोडल्यापासून मी कुणाचा खूर निरखून पाहिलेला नाही. पण सुकलाल आप्पांनी ते पुस्तक ठेवायला दिलं तेव्हा नाही म्हणवेना. ते दारात उभे होते, हातातल्या पिशवीत आणखी अकरा पुस्तकं होती आणि त्यांना आमची सगळी लिंबायत वस्ती पालथी घालायची होती.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे, बोली तिकडचीच. तीस वर्षं लूम्सवर काढली. डोळ्यांना चष्मा लागल्यावर शेठने त्यांना ताके तपासायला बसवलं. कापडाचा ताका उतरत्या फळीवरून ओढत न्यायचा आणि तुटका धागा, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. पुस्तकही ते असंच वाचत. मुखपृष्ठापासून सुरुवात. प्रकाशकाचा पत्ता, किंमत, अनुक्रमणिका, शुद्धिपत्र, शेवटची केशतेलाची जाहिरात, सगळं. ओळीखालून बोट फिरत राही. मी एकदा म्हटलं, "आप्पा, शुद्धिपत्र कशाला वाचता? तिथे फक्त चुका असतात."

"ताका मधूनच देखा तर डाग सुटी जास," ते म्हणाले, आणि बोट पुढे सरकलं.

पुस्तक कोणतंही असो, त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असे. हरवलेली किल्ली शोधणाऱ्या माणसाचा. चांगलं आहे का विचारलं तर म्हणत, "अजून देखू." संपल्यावर विचारलं तर म्हणत, "नही सापडनं." काय सापडलं नाही, ते सांगत नसत.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या मंडळाच्या वाचनालयापासून. मंडळाची एक खोली होती आणि तीत सहा कपाटं. गिरणीत, रेल्वेत, लूम्सवर आलेल्या पहिल्या पिढीने गावाकडून, वर्गणीतून, कुणाच्या निवृत्तीच्या देणगीतून पुस्तकं जमवली होती. पण त्यांची मुलं गुजराती शाळेत गेली, नातवंडांच्या हातात केबलचा रिमोट आला. कपाटांच्या काचांवर इतकी धूळ होती की आत काय आहे ते आठवणीनेच सांगावं लागे. मी मंडळाचा सेक्रेटरी. त्या खोलीत एसटीडी बूथ काढायचा ठराव माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे आणि मला त्याचा पस्तावा नाही. गावाकडे आई आजारी असली तर माणसाला फोन लागतो, मधमाश्या पाळण्याची माहिती लागत नाही.

ठरलं असं की दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायची आणि पुस्तकं पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीत, द्यायची.

ठराव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याकडे आले. "यातली काही माले द्या," म्हणाले. मी म्हटलं, सगळी न्या, हातगाडीचा त्रास वाचेल. पण घरी मुलगा, सून, दोन नातवंडं आणि दहा बाय दहाची खोली. मुलाने साफ सांगितलं होतं की एक पुस्तक आत आलं तर एक माणूस बाहेर झोपेल. मग आप्पांनी ही युक्ती काढली. पुस्तकं लोकांच्या घरी ठेवायची आणि आपण घरोघर जाऊन वाचायची.

त्यांनी निवडलेली पुस्तकं पाहून मी कपाळावर हात मारला. उत्तम कादंबऱ्या त्यांनी जशाच्या तशा सोडल्या. उचललं काय, तर घड्याळ दुरुस्ती, विहिरीसाठी पाणी कुठे लागेल ते ओळखण्याची विद्या, दातांचे विकार, एका जुन्या संस्थानातले कुळकायदे, तिसरा अंक फाटलेलं एक नाटक, शब्दकोशाचा फक्त दुसरा खंड. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मी विचारलं, "आप्पा, निवड कशावरून करता?" ते शेवटचं पान उघडून पाहत आणि पुस्तक डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत.

ठेवायला घर निवडताना मात्र त्यांनी फार विचार केला. ज्याच्या त्याच्या कामाचं पुस्तक ज्याच्या त्याच्या घरी, असा त्यांचा नियम. दातांचं पुस्तक पानवाल्याकडे गेलं. सभेत भाषण कसं करावं, हे दिवसातून चार शब्द बोलणाऱ्या पंढरी शिंप्याकडे. जहाजाने समुद्रात वाट कशी शोधावी, हे युनूसभाई रिक्षावाल्याकडे. "तुमनं बी दिशानंच काम शे," आप्पांनी त्यांना पटवलं. युनूसभाईंना मराठी वाचता येत नव्हतं, पण त्यांनी पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली ठेवलं आणि आप्पा आले की रिक्षा सावलीला उभी करून देत. आमच्या वाट्याला खूर का आले हे मी विचारलं नाही. डाईंग मिलमध्ये दिवसभर उभं राहून माझे पाय सुजत, तेवढंच कारण असावं.

लोक हसत. पण पुस्तकं दिवाळीच्या आत घरोघर लागली आणि उरलेली हातगाडीवरून गेली.

एकदाच मी आप्पांना कासावीस झालेलं पाहिलं. गटारं बांधण्यावरचं एक पुस्तक त्यांनी ज्या भाडेकरूकडे ठेवलं होतं तो कामरेजला राहायला गेला आणि जाताना त्याने रद्दीबरोबर ते देऊन टाकलं. आप्पांनी तीन दिवस खाडा केला. लिंबायतपासून उधन्यापर्यंतची पस्तीची दुकानं उपसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात आले, अंगभर धूळ, हाताला काळं.

मी म्हटलं, "जाऊ द्या हो आप्पा. गटारांचं पुस्तक ते! त्यात असं काय होतं?"

"तेच तर माहीत नही," ते म्हणाले आणि खाली मान घालून निघून गेले. मी बायकोला म्हटलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरत चाललंय.

मग एका रविवारी ते खुरांचं पुस्तक वाचून निघून गेल्यावर मी सहज शेवटचं पान उघडलं. वाचनालयाची चिठ्ठी चिकटवलेली होती, तारखेचे शिक्के आणि शेजारी सभासदाचा नंबर. एकच नोंद. सत्तावीस. मला सेक्रेटरीपणाची खाज. मी पानवाल्याकडचं दातांचं पुस्तक पाहिलं, तिथे सत्तावीस. शिंप्याकडचं पाहिलं, सत्तावीस. युनूसभाईंच्या सीटखाली सत्तावीस. घरी येऊन मंडळाचं जुनं रजिस्टर काढलं. सभासद क्रमांक सत्तावीस, सुकलाल आप्पा.

मला स्वतःची लाज वाटली. ज्याला मी वेडा म्हणत होतो त्या माणसाने तरुणपणी, लूमवर बारा बारा तास उभं राहून, कुणी हात न लावलेली पुस्तकं वाचली होती! आणि आता म्हातारपणी ती पुन्हा वाचत होता. मी कमिटीपुढे ठेवलं, सगळ्यांना पटलं. एसटीडी बूथच्या उद्घाटनालाच आप्पांचा सत्कार करायचा ठरला. शाल, श्रीफळ आणि 'उत्कृष्ट वाचक' असं छापलेलं मानपत्र. आप्पांना आधी सांगितलं नाही, कारण ते आले नसते.

उद्घाटनाला गल्लीत मांडव घातला होता. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. अध्यक्षांनी वाचनाच्या महत्त्वावर पाऊण तास भाषण केलं. ते स्वतः वर्तमानपत्रातलं सोन्याच्या भावाखेरीज काही वाचत नसत, पण बोलले छान. मग मी रजिस्टर हातात धरून सत्तावीस नंबरची हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या. दोघांनी आप्पांना धरूनच वर आणलं. अध्यक्षांनी शाल उलगडली तशी आप्पांनी ती दोन्ही हातांनी अडवली.

"हाई शाल मनी नही," ते म्हणाले.

लोकांना वाटलं विनय आहे. आणखी टाळ्या. आप्पांनी माझ्या हातातला माईक घेतला. उभ्या आयुष्यात त्यांनी माईक धरला नव्हता, तो त्यांनी हनुवटीला टेकवला.

"नंबर मना शे. वाचनारी वेणू. मनी घरवाली."

वेणूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. आमच्यापैकी बहुतेकांना त्या आठवत होत्या त्या नळावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, न बोलणाऱ्या बाई म्हणून.

आप्पा थांबत थांबत बोलले. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, ती सातवी पास. तेव्हा बायका मंडळाच्या खोलीत येत नसत. ती म्हणायची, रातपाळीहून येताना एखादं पुस्तक आणा. कोणतं, असं यांनी विचारलं तर म्हणायची, कोनतंबी. हे येताना दाराजवळच्या कपाटातून हाताला लागेल ते उचलत, तिच्या पुढ्यात टाकत आणि झोपत. वाचून झालं की ती परत द्यायला लावायची, दुसरं आणायला सांगायची. अशी एकोणीस वर्षं. यांनी एकही पुस्तक उघडून पाहिलं नाही. शब्दकोश नेला, तोही तिने वाचला.

"एक दिन दुपारले ती वाचता वाचता हासनी," आप्पा म्हणाले. "मोठ्यानी हासनी. मना डोळा लागेल व्हता. मी वरडनू तिच्यावर. झोपू दे ना, येडी! ती गप झाली. मंग परत कधी हासनी नही." त्यांनी चष्मा काढला. "कोनतं पुस्तक व्हतं, काय लिखेल व्हतं, मी इचारं नही. आते कोनले इचारू? म्हनून वाचस."

ते खाली उतरले आणि घरी गेले. शाल अध्यक्षांच्या हातात तशीच राहिली. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. उद्घाटनाचा पहिला फोन लावायचा होता, पण तिकडे बराच वेळ कुणी वळलं नाही. मला गटारांचं पुस्तक आठवत होतं. त्यात असं काय होतं, असं मी विचारलं होतं.

त्यानंतर लिंबायतमध्ये एक गंमत सुरू झाली. ज्या घरात आप्पांचं पुस्तक होतं त्या घरातली माणसं ते उघडू लागली. हसू येईल असं पान शोधायचं. पानवाला दुकानावर दातांचं पुस्तक वाचू लागला. पंढरी शिंप्याने वाचण्याच्या नादात एक बाही उलटी लावली. कुणाला काही सापडलं की ते पुस्तक घेऊन आप्पांकडे धावत. आप्पा ते पान शांतपणे वाचत. मग मान हलवत. "नही. ती याच्यावर हासनार नही." पडलेल्या माणसाची फजिती असली की नाही. कुणाच्या काळ्या रंगावर, लठ्ठपणावर विनोद असला की नाही. "तिले असं आवडे नही," ते खात्रीने सांगत. जिला हयातीत कधी काही विचारलं नव्हतं, तिची आवड त्यांना आता नेमकी कळू लागली होती. हे पाहून मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

आमच्याकडचे खुरांचे रोग संपले तेव्हा आप्पांनी दुसऱ्या एका घरातलं पुस्तक आणून ठेवलं. पत्रलेखनाचं. सर्व प्रसंगांसाठी नमुन्याची पत्रं. मालकास रजेसाठी, व्याह्यास आमंत्रणासाठी, हरवलेल्या छत्रीबद्दल पोलिसांस. चार रविवार आप्पांचं बोट त्या पत्रांखालून फिरलं. पाचव्या रविवारी ते एका पानावर थांबलं. ते पान त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. हसले नाहीत. मग त्यांनी सुमनला, माझ्या बायकोला, हाक मारली.

"वयनी, एवढं पान मोठ्यानी वाची दाखवा."

सुमन हात पुसत आली. पुस्तक घेऊन उभ्या उभ्या वाचू लागली. "परगावी नोकरीस असलेल्या पतीने रुसलेल्या पत्नीस लिहावयाचे पत्र. प्रिय, येथे नाव लिहावे, हिस अनेक आशीर्वाद. तुझ्या हातच्या, येथे पदार्थाचे नाव लिहावे, याची रोज आठवण येते. सणास येताना तुझ्यासाठी, येथे पत्नीस आवडणारी वस्तू लिहावी, माहीत नसल्यास सासुरवाडीस स्वतंत्र पत्र पाठवून विचारून घ्यावे, नमुना पृष्ठ त्रेसष्ट पाहा..."

तिथे सुमनला हसू फुटलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, पुढची ओळ वाचू पाहिली आणि पुन्हा खळखळून हसली. मग तिला एकदम कळलं की आपण कुणासमोर हसतोय. तिने तोंडावर पदर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

आप्पा भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नव्हता.

"हासा, वयनी," ते म्हणाले. "आते कोनी झोपेल नही."