सतरा ग्लास आणि एक मिशी

रत्नाकरराव एकदा बोलले की बोलले! सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं यंत्रांना वठणीवर आणलेला माणूस. त्याला कागदी कप काय भारी?

निवृत्तीनंतर बेंगळुरात मल्लेश्वरममधल्या घराच्या गॅरेजात त्यांनी फिल्टर कॉफीचं दुकान काढलं होतं. कॉफी अशी, की मेट्रोला निघालेली माणसं ऑफिस विसरून थांबत. पिऊन झाली की कप मात्र माणूस उभा असेल तिथेच पडे. शेवटी एका सकाळी रस्ता झाडणाऱ्या चंपाने कपांनी भरलेलं पोतं दुकानाच्या पायरीवर उलटं केलं.

"अण्णा, तुमचं पीक तुम्हीच घ्या. उद्यापासून मी उचलणार नाही!"

अख्ख्या रांगेने हे ऐकलं. रत्नाकररावांची झुपकेदार मिशी थरथरली. "उद्यापासून या दुकानात कागदी कप दिसला, तर ही मिशी उतरवीन!"

"अहो, स्वल्प विचार करून बोला," आतून शुभदाताई म्हणाल्या. बेंगळुरात चाळीस वर्षं काढल्यावर कानडी 'स्वल्प' तोंडी बसलं होतं आणि नवऱ्यालाही स्वल्पच, थोडंसंच समजवायचं, हे त्या शिकल्या होत्या.

योजना तयारच होती. प्रत्येक गिऱ्हाइकाने घरून आपला स्टीलचा ग्लास आणायचा. तो धुऊन दुकानातल्या फळीवर ठेवला जाईल. ज्याचा ग्लास फळीवर, त्याला पहिल्या डिकॉक्शनची, म्हणजे पहिल्या अर्काची दाट कॉफी. ज्याच्या हातात नुसताच ग्लास, त्याला दुसऱ्या पाण्याची पातळ!

"आणि ज्याच्याकडे ग्लासच नाही?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"त्याने ओंजळ करावी!"

दाट कॉफीसाठी माणूस काय करणार नाही? आठवडाभरात फळीवर तीस ग्लास चकाकू लागले. गल्ली लख्ख झाली. चंपानेसुद्धा आपला ग्लास आणून ठेवला. रत्नाकरराव मिशीला तूप लावून फिरू लागले.

आणि मग मुग्धा आली. पुण्याहून नुकतीच आलेली, हेब्बाळला नोकरी, स्वभाव भलताच चौकस. फळीवर आपला ग्लास ठेवता ठेवता ती इतर ग्लासांवर कोरलेली नावं वाचत बसली.

"काका, हे स्नेहवर्धन मंडळ म्हणजे कोण हो? त्यांचे एकट्यांचेच सतरा ग्लास आहेत! सो स्वीट!"

रांग गार पडली. कारण रांगेत आज पहिल्यांदाच उभे होते गुरुप्रसाद, स्नेहवर्धन मंडळाचे चिटणीस! मंडळाच्या प्रत्येक समारंभाला लोक घरी राहिलेल्यांसाठी मसाला दूध मंडळाच्याच ग्लासात झाकून नेत. "उद्या आणून देतो हं!" म्हणत. तो उद्या कधी उजाडलाच नाही. असे दोनशे ग्लास गेले आणि मंडळ कागदी कपांवर आलं.

"उल्हास! हा तुझा?" गुरुप्रसादांनी रांगेतल्या उल्हासच्या हातातला ग्लास धरला.

"आमच्या घरात वीस वर्षं आहे हो हा!"

"वीस वर्षांपूर्वीच तर हरवला!"

गुरुप्रसादांनी सतराच्या सतरा ग्लास पिशवीत भरले. सतरा माणसं उघडी पडली, आणि तिकडे मेट्रोची वेळ!

"अण्णा, आजच्या दिवस कागदी कप द्या ना!" रांगेतून सूर निघाला. चंपा झाडू टेकून मिशीकडे एकटक बघत होती.

"अजिबात नाही!" रत्नाकरराव गरजले. "चोरीच्या ग्लासांवर हे दुकान चालत नाही! शुभदा, आपल्या घरचे ग्लास आण!"

आत फडताळाचं दार आपटलं.

"अगं आण! फडताळात वरच्या खणात दोन डझन आहेत!"

शुभदाताई दारात आल्या आणि डोळ्यांनी नको नको म्हणाल्या. डोळ्यांची भाषा रत्नाकररावांना लग्नापासूनच येत नव्हती. शेवटी त्या ताट भरून ग्लास घेऊन आल्या. गुरुप्रसादांनी एक उचलला, फिरवून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा. चोवीस ग्लास, नाव एकच!

"रत्नाकरराव, त्या काळात मंडळाची भांडी सांभाळायचं काम कोणाकडे होतं हो?"

"माझ्याकडे!" मिशी तसूभरही खाली आली नाही. "म्हणूनच चोवीस तरी शिल्लक आहेत! ह्या लोकांच्या हाती लागले असते, तर दिसले असते का?"

गुरुप्रसादांनी पिशवीचं तोंड पुन्हा उघडलं. चोवीस ग्लासही पिशवीत गेले. पण रत्नाकरराव हटले नाहीत! त्यांनी सतराही जणांना घरातल्या वाट्यांमधून कॉफी पाजली. बोटं भाजली, शर्टांवर डाग पडले, पण एकही कागदी कप निघाला नाही. चंपाने मान डोलावून झाडू उचलला. मिशी वाचली होती.

"घ्या चिटणीस, तुम्हीही घ्या!" रत्नाकररावांनी ऐटीत एक रिकामी वाटी पुढे केली. "धरा, ओततो!"

गुरुप्रसादांनी वाटी हातात घेतली आणि आता सवयच लागल्यासारखी फिरवून पाहिली.

शुभदाताई आत निघून गेल्या.