बनसोडे सरांचा दारातला प्रश्न

बनसोडे सरांच्या घरून सरळ बाहेर पडता येत नाही. तुम्ही चपला घातल्या की सर उंबऱ्यात आडवे उभे राहतात आणि विचारतात, "काय कळलं नाही?" काहीतरी सांगितल्याशिवाय सुटका नाही. "सगळं कळलं" हे उत्तर चालत नाही. "तसं म्हणणाराच नापास होतो," असं त्यांचं मत.

ही सवय कॉलेजातली. सर अर्थशास्त्र शिकवायचे, पण जीव अडकलेला दुसरीकडंच: आपण शिकवतो तेव्हा पोरं नेमकं काय शिकतात? त्यावर त्यांचं संशोधन चालायचं. तास संपला की वर्गाच्या दारात प्रत्येकाला तोच प्रश्न. पुढच्या तासाचे प्राध्यापक बाहेर ताटकळत. "विषयात संशोधन करा की सर, वर्गात कसलं करताय?" असं ते चिडवायचे. सर म्हणायचे, "मी शिकवलं, हे मी सांगून कसं चालेल? ते पोरांनी सांगायचं."

गॅसवालाही सुटला नाही. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "तुमी एकटंच राहताय, मग टाकी एवढी लवकर कशी संपतीय, ते कळलं न्हाय."

"चांगला प्रश्न!" सर खूश. उत्तर मात्र दिलं नाही.

माझं त्यांच्याशी वाकडं आहे आणि त्याला कारण आहे. नवी पेठेत माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दुसऱ्यांच्या दुकानात घड्या घालत घालत उभं केलेलं. परवा एक लॉजवाला आला. घसा कोरडा पडेपर्यंत घासाघीस करून मी त्याला माझ्या भावावर आणला. गप्पा मारायला आलेले सर स्टुलावर बसून बघत होते. गिऱ्हाईक पान खायला म्हणून उठलं, तसे सर दारात.

"काय कळलं नाही?"

तो थबकला. "खरं सांगू का सर? ह्योच टॉवेल पलीकडं स्वस्त कसा मिळतोय, ते काय कळलं न्हाय बगा."

"उत्तम! मग जाऊन बघून या."

तो गेला तो गेलाच.

संध्याकाळी मी तावातावानं सरांच्या घरी. "धंदा बसवता का माझा? रिटायर झालात की आता! आवरा ते प्रश्न!"

सर ओशाळले. चहा टाकला. मग हळूच म्हणाले, "नागनाथराव, मी त्याच्यावरच लेख लिहितोय. माणूस शिक्षक कशामुळं असतो? नोकरीमुळं, विषयामुळं, की समोर बसलेल्यांमुळं?"

"मग काय निघालं?"

"समोर कुणी असल्याशिवाय ते कसं निघणार?"

त्यांनी लेख वाचून दाखवला. भांडायला आलेला मी ऐकत बसलो. सोपं लिहिलं होतं. एकूण एक वाक्य कळलं.

मी उठलो, चपला घातल्या. सर दारापर्यंत आले, पण आडवे झाले नाहीत. भिंतीला लागून उभे राहिले. "या. आता नाही विचारत."

मोकळं दार समोर होतं. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण पाय उचलेना. शेवटी गिऱ्हाईकाशी बोलतो तसा चेहरा करून मी म्हणालो, "सर, मला काहीच कळलं नाही."

सर बघतच राहिले. "कुठपासून?"

"पहिल्यापासून," मी चपला काढत म्हणालो.

ते घाईघाईनं आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला.