साडेतीन मात्रांची उडी

धर्मराजला खात्री होती की हे गाणं पृथ्वीवर फक्त तीन माणसांना येतं आणि ती तिन्ही त्याच्या बँडमध्ये आहेत. बँडचं नाव खडीक्रशर. गिटारवर धर्मराज, गाणारी धनश्री, ड्रमवर पप्पू. बेस वाजवणारा एक होता, पण तो नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना बेसही घेऊन गेला.

गाणं सापडलं दिंद्रुडला. आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान पूर्वी कॅसेटचं होतं. माळ्यावर एक खोकं उरलं होतं, त्यात ही कॅसेट. वर कुरळ्या केसांच्या, गोल चेहऱ्याच्या तरुणाचा फोटो, खाली ‘आश्रुबा आणि पार्टी, १९८२’. पहिलंच गाणं ‘बाभळीच्या शेंगा वाजती खुळखुळ’. खर्जातला थकलेला, जड आवाज. चाल अशी की भरली बैलगाडी घाट चढतेय. आणि दुसऱ्या कडव्यात ती उडी! ‘ज्वारीच्या ताटाला डोल’ एवढं म्हणून गाणारा शब्द अर्ध्यात मोडायचा, साडेतीन मात्रा गिळायचा आणि थेट ‘खुळखुळ’वर येऊन आदळायचा.

“कळायलंय का तुमाला?” धर्मराज म्हणाला होता. “ह्या माणसानं शब्दच मोडलाय. वाऱ्यानं ताट मोडावं तसा. तेबी ब्याऐंशी साली, बीड जिल्ह्यात.”

“पण कावून मोडला असंल?” पप्पूनं विचारलं.

“कलावंताला कावून विचारत न्हाईत बे.”

आवाजाच्या मानानं फोटो तरुण होता. धर्मराजनं त्याचाही उलगडा केला. जुने कलावंत फोटो तरुणपणीचाच देतात.

ती उडी बसवायला दोन महिने गेले. पप्पू झोपेतही साडेतीनवर लाथ झाडतो, अशी त्याच्या आईची तक्रार होती. पण धर्मराज मागे हटणार नव्हता. चौतीस वर्षांचा झाला होता तो. बायकोशी, वनमालाशी, त्याचं पक्कं बोलणं झालं होतं. बीडच्या स्पर्धेत पहिला नंबर आला तर गिटार चालू. नाही आला तर सोमवारपासून सिरसाळ्याला सासऱ्यांच्या पाइप-मोटारीच्या दुकानात, कायमचं. सासऱ्यांनी खुर्ची पुसूनही ठेवली होती.

स्पर्धा होती विसरल्या गेलेल्या गाण्यांची. अर्जाची मुदत दुपारी बारापर्यंत आणि धर्मराज मोबाइलवर अर्ज भरायला बसला पावणेबाराला. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात एक चौकट आली. मूळ कलावंत : हयात की दिवंगत? हयात म्हटलं की खाली लगेच दुसरी चौकट उघडायची. कलावंताचं लेखी परवानगीपत्र जोडा.

बाराला सात मिनिटं कमी होती. धर्मराजनं डोकं शांत ठेवून हिशेब केला. आवाज किमान सत्तरीचा. वर चाळीस-बेचाळीस वर्षं मिळवा. माणूस एकशे दहाच्या पुढे जात होता. त्यानं मनातल्या मनात हात जोडले आणि ‘दिवंगत’वर बोट ठेवलं. मूळ चालीची फाइलही जोडली.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं राधाकिशन सरांनी. सर निवृत्त प्राध्यापक, स्पर्धेचे संयोजक आणि मनाने फार हळवे. आपल्या जिल्ह्यातला एवढा मोठा कलावंत कोणाला न कळता गेला, या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की कै. आश्रुबांना आदरांजली म्हणून अंतिम फेरीतले तिन्ही बँड हेच गाणं सादर करतील. फाइल सगळ्यांना पाठवली. परीक्षकांच्या कागदावर ‘मूळ चालीशी इमान’ या रकान्याला शंभरापैकी चाळीस गुण ठेवले. आणि कॅसेटवरचा फोटो मोठा करून जिल्हाभर फ्लेक्स लावले.

रविवारी दुपारी नाट्यगृह भरलं. रंगमंचावर हार घातलेला फोटो, पुढे समई, उदबत्त्या. धर्मराज विंगेत गिटार लावत होता. धनश्री पळत आली.

“दादा, भाईर एक बाबा आलेत. बायकोबी हाय संगं. ते म्हणायलेत, फोटोतला मानूस मीच हाय.”

“येडा असंल कुनी.”

“हयातीचा दाखला घेऊन आलेत, दादा.”

धर्मराज दाराशी गेला. केस पांढरे झाले होते, पण कुरळेच होते. चेहरा गोलच होता. पांढरं धोतर, सदरा, खिशात घडी घातलेला कागद. शेजारी नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाई.

“मी आश्रुबा,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “लिंबागणेशच्या फाट्यावर माझा फोटो लावलाय. मोटारीतून दिसला. म्हटलं बघावं तरी, कशानं गेलो.”

“म्या व्हय, जाईबाई,” बाई म्हणाल्या. “दोन दिस झाले, लोक मला भेटाया यायलेत. एकीनं तर पिठलं-भाकरी आणली. आन हे बसलेत ते खायला.”

“बाबा, तुमचं वय?” धर्मराजनं विचारलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी विचारलं.

“एकाहत्तर.”

म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी जेमतेम अठ्ठावीस. धर्मराज दारातच पायरीवर बसला. मग त्याला सिरसाळ्याची खुर्ची दिसली आणि तो उठला.

“बाबा, पाया पडतो. कार्यक्रम सुटेपर्यंत कोणाला सांगू नका. फक्त दोन तास. माझी सगळी जिंदगी हाय यात.”

“म्हणजे दोन तास मरू?”

“तसं न्हाई. नुस्तं बसा.”

आश्रुबांनी थोडा विचार केला. “चहा मिळंल का?”

“दोनदा.”

“मग बसतो.”

“ते बसतील,” जाईबाई म्हणाल्या. “माझं मी सांगत न्हाई.”

दोघांना दुसऱ्या रांगेत बसवलं. पडदा वर गेला. राधाकिशन सर माइकजवळ आले, चष्मा पुसला आणि भरल्या आवाजात म्हणाले, “आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून कै. आश्रुबांना श्रद्धांजली वाहू या.”

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. आश्रुबाही उभे राहिले, मान खाली घालून, हात जोडून. बसून राहिल्या एकट्या जाईबाई. धर्मराज विंगेतून श्वास रोखून बघत होता. एक मिनिट गेलं. दीड गेलं. मग त्या शांततेत जाईबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“बसा खाली. गुडघा दुखतो ना तुमचा.”

दोघातिघांनी वळून पाहिलं. कोणाला काही उमगलं नाही.

पहिला बँड बालाघाट. त्यांनी गाणं घाटाच्या चढाला लावलं, दुसऱ्या कडव्यात ‘डोल’वर येऊन थांबले, साडेतीन मात्रा गिळल्या आणि ‘खुळखुळ’वर पडले. परीक्षकांनी माना डोलावल्या. आश्रुबांच्या कपाळाला आठी पडली. दुसरा बँड रिश्टर. त्यांनी तीच उडी तिघांच्या आवाजात मारली. परीक्षक पुटपुटले, “काय धाडस!” आश्रुबांनी कानावर हात ठेवला. मग ते उठले आणि सरळ विंगेत आले.

“हे सगळे तिथंच का अडखळायलेत रे?”

“बाबा, ती तुमची उडी,” धर्मराज म्हणाला. “तुम्ही शब्द मोडला तिथं.”

“मी कशाला मोडू? टेप तुटली व्हती. जोडली चिकटपट्टीनं, मधली ओळ गेली. पन्नास कॅसेटी काढल्या, सगळ्या तशाच निघाल्या.”

पप्पूच्या हातातली काठी खाली पडली.

“आन एवढा रडका आवाज?” धनश्रीनं विचारलं.

“कॉप्या काढताना मूळ टेप वाजवायचं मशीन मंद चालायचं. अगं, सुगीचं गाणं हाय ते. पोरी हसत हसत म्हणायच्या. तुमी तर मयतीला निघाल्यासारखे.” आणि आश्रुबांनी दबक्या आवाजात, दुप्पट वेगानं ते कडवं म्हणून दाखवलं. ‘ज्वारीच्या ताटाला डोलती कणसं, बांधावर बसल्यात आळशी माणसं.’

बाहेर राधाकिशन सर पुकारत होते. धर्मराजपुढे दोन वाटा होत्या. उडी मारली तर चाळीस गुण. नाही मारली तर खरं गाणं. समोर कुरळ्या केसांचा माणूस चहाचा रिकामा कप घेऊन उभा होता. धर्मराजला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

“खरंच म्हणू,” तो म्हणाला. “जलद. उडी न्हाई. पप्पू, सरळ जायचं.”

“जातो, भाऊ.”

आश्रुबा परत आपल्या जागेवर जाऊन बसले. पहिलं कडवं धावलं. लोक सरसावून बसले. दुसरं सुरू झालं. धनश्री ‘डोलती कणसं’ म्हणून पुढे निघाली, पण पप्पूच्या पायाला दोन महिन्यांची सवय होती. पायानं साडेतीन मात्रा गिळल्या. पप्पू ‘खुळखुळ’वर, धनश्री कणसांत, धर्मराज मध्येच कुठेतरी. पुढची ओळ धनश्रीच्या डोक्यातून साफ उडाली. सगळं थांबलं. ड्रमची एक थाळी तेवढी थरथरत राहिली.

आणि दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, ‘बांधावर बसल्यात आळशी माणसं!’

आश्रुबांना राहवलं नव्हतं. ते उभे राहून गात सुटले. पप्पूनं ताल धरला, धनश्रीला सूर सापडला, लोक टाळ्या द्यायला लागले. गाणं संपलं तेव्हा राधाकिशन सर रंगमंचाच्या कडेला येऊन विचारत होते, “आपण कोण?”

उत्तर जाईबाईंनी दिलं. “तुमी हार घातलाय ते.”

पुढची दहा मिनिटं सर खुर्चीत बसून पाणी पीत होते. मग त्यांनी नियमाचं पुस्तक मागवलं. कलावंत हयात म्हणजे लेखी परवानगी हवी. दोन बँडांना गाणं संयोजकांनी दिलेलं, त्यांच्या कागदांवर आश्रुबांनी आनंदानं सह्या केल्या. खडीक्रशरचा अर्ज तेवढा उरला.

“खोटी माहिती आहे,” सर म्हणाले, “पण आजोबांनी सही दिली तर मी सांभाळून घेईन. परीक्षकांनाही हेच गाणं आवडलंय.”

धर्मराजनं पेन पुढे केलं. आश्रुबांनी पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला. तेवढ्यात जाईबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“थांबा. ह्या कागदावर तुमी मेलेले हायत न्हवं?”

“हाय तसं.”

“मग मेलेल्या मानसानं सही कशी करायची? उद्या तहसीलात कुनी दाखवलं तर तुमचा दाखला खोटा ठरंल.”

आश्रुबांनी धर्मराजकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिचं म्हणणं मोडलं नव्हतं, आणि या खेपेला तर ती बरोबर बोलत होती. खडीक्रशरचा अर्ज बाद झाला आणि पहिला नंबर बालाघाटला गेला.

संध्याकाळी पप्पूच्या पिकअपमध्ये, ड्रमच्या शेजारी बसवून, धर्मराजनं दोघांना बस स्टँडवर सोडलं. उतरताना आश्रुबांनी विचारलं, “लेकरा, आता उद्यापासून काय?”

“सिरसाळ्याला. सासऱ्यांच्या दुकानात. पाइप, मोटारी.”

“असं का?” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “मग आमच्या विहिरीतल्या पानबुडी मोटारीला अडीच इंची पाइप मिळंल का तुझ्याकडं? मंगळवारी येतो.”

“मिळंल की,” धर्मराज म्हणाला, आणि खिशातून कागद काढून माप लिहून घेतलं.