बाईंनी न ऐकलेल्या भैरवीची हकीकत

श्री सूर, श्री शाई आणि रविवारी चहासमयी पत्र उलगडून बसणारे वाचकराय, या तिघांस साष्टांग नमन करून हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एका दौलतीत हे वर्तमान घडले. दौलतीचे नाव घेत नाही, जाणते जाणतील. त्या दौलतीत वर्तमानपत्राची गादी थोर, गादीवर संपादक हणमंतराव, आणि गादीच्या पदरी रविवार पुरवणीतील दोन रकान्यांची जहागीर द्वारकाबाई घैसास यांजकडे बहुत वर्षे चालत होती. बाई गाण्यावर लिहीत, नाटकावर लिहीत, आणि गाणे-नाटक नसेल त्या आठवड्यात राज्यकारभारावर लिहीत. गवयाचा उतरलेला सूर आणि दिवाणाचा घसरलेला शब्द त्या एकाच कानाने ऐकत आणि दोहोंस एकाच मापाने मोजत. ज्यास बाईंनी बरे म्हटले तो वर्षभर ताठ मानेने हिंडे, आणि ज्याचा समाचार घेतला तोही पत्र घडी घालून जपून ठेवी. बाईंनी लिहिले म्हणजे तसेच असणार, असा लोकांचा भरवसा होता, आणि तो भरवसा हीच बाईंची खरी जहागीर होती.

त्याच सुमारास दिवाणसाहेबांनी एका थोर ग्रंथाचे प्रकाशन केले आणि त्याची तोंड दुखेपर्यंत स्तुती केली. मग बाईंनी व्यासपीठावरची ती प्रत सहज हाती घेतली, तो तिची पाने छापखान्यातून आली तशी एकमेकांस चिकटलेलीच होती. मग काय विचारता. रविवारी बाईंनी लिहिले की, जे वाचले नाही त्याची स्तुती करू नये, इतके राज्यकर्त्यास कोणी तरी शिकवावे. दौलत पोट धरून हसली आणि दिवाणसाहेबांनी डूख धरला.

आता या राज्यातील एक रिवाज सांगणे प्राप्त आहे. पुरवणी शनिवारी दिवेलागणीस यंत्रावर चढे, आणि नेमक्या त्याच घटकेस मैफली रंगात येत. तेव्हा लिहिणारे मध्यंतरापर्यंत ऐकत, मग हळूच उठत आणि कचेरीत बसून उरलेली मैफल अंदाजाने लिहीत. अंदाज कधी चुकत नसे, कारण श्रीपतीबुवा गवई शेवटी भैरवीच गात, आणि श्रोत्यांचे डोळे भैरवीस पाणावतच. अगदी अखेरीस ‘तबल्यावर गुलाबराव जमदाडे यांनी समर्पक साथ केली’ हे वाक्य तर अक्षरे जुळविणाऱ्या जुळणी खात्यास सांगावेही लागत नसे. बाईही मोठ्या, तरी या रिवाजास अपवाद नव्हत्या.

ऐशाच एका शनिवारी बाई श्रीपतीबुवांच्या मैफलीतून मध्यंतरास उठल्या, कचेरीत आल्या आणि न ऐकलेल्या भैरवीवर इतके सुंदर लिहिते झाल्या की वाचणाऱ्यास ती ऐकूच यावी. रविवारी सकाळी त्या पत्र उघडून समाधानाने चहा घेत होत्या, तोच शेजारच्या काकूंनी दारातून विचारिले की, भैरवी कुठली हो बाई, काल मध्यंतरानंतर बुवा तर गायलेच नाहीत. मग सारा प्रकार कळला. मध्यंतरानंतर श्रीपतीबुवांनी गुलाबरावांस मधोमध बसविले, पेटी आपल्या मांडीशी ओढून तबल्याच्या साथीस लेहरा धरला आणि सभेस सांगितले की, हा जन्मभर माझ्यामागून चालला, आज मी याच्यामागून चालतो. गुलाबरावांची बोटे आखडत चालली होती, ते तबला खाली ठेवणार होते. उभ्या आयुष्यात ते एकटे पहिल्यांदा वाजवीत होते आणि तेच सभेतले शेवटचे होते. ऐसे वाजविले म्हणतात की टाळी द्यावयाचे भान लोकांस राहिले नाही. आणि पत्रात छापून काय आले, तर समर्पक साथ.

बाईंचा चहा तसाच निवला. त्यांस फार लाज वाटली, जिवास लागावी ऐसी.

इकडे दिवाणसाहेबांच्या वाड्यावर पेढे वाटले गेले. जे ऐकले नाही त्याची स्तुती करू नये, ऐसे त्यांनी भर सभेत हसत हसत सुनावले. मग हणमंतरावांनी बाईंस बोलावून मसलत दिली की, मागील वर्षीचा मजकूर चुकून पडला म्हणू, दोष जुळणी खात्यावर टाकू, आपली अब्रू राहील आणि गादीचीही राहील.

बाई म्हणाल्या, “आणि गुलाबरावांचं काय राहील?”

इतके बोलून बाई उठल्या त्या थेट गुलाबरावांचे घरी गेल्या. गुलाबराव बोटांस तेल चोळीत बसले होते. त्यांनी बाईंस पाट दिला, चहा सांगितला, आणि बाई माफीचे बोलू लागताच हात वर केला. “बाई, मनाला लावून घेऊ नका. इतकी वर्षं तुम्ही माझ्यावर तेच एक वाक्य लिहीत आलात, या वेळीही तेच लिहिलंत. मी कधी कात्रण ठेवलं नाही. ठेवून करायचं काय?”

हे ते रागाने बोलले असते तर बाईंस सोसते. मग बाईंनी विचारले, “मला ऐकवाल?”

“बोटं आता माझं ऐकत नाहीत. तरी शनिवारी संध्याकाळी दुखणं जरा कमी असतं. पण शनिवारी तुमची पुरवणी असते.”

“असू द्या,” बाई म्हणाल्या.

मग त्या आठवड्यात बाईंनी एक रकाना लिहून दिला. त्यात मी मध्येच उठून गेले होते, भैरवी माझ्या मनची होती, आणि दिवाणसाहेब हसले ते योग्यच हसले, ऐसे निर्मळ लिहिले. दुसरा रकाना गुलाबरावांसाठी राखिला. शनिवारी श्रीपतीबुवा पेटी घेऊन आले, गुलाबरावांनी डग्ग्यावर हात ठेवला आणि बाई समोर सतरंजीवर बसल्या. बोटे अडखळत होती, थांबत होती, पुन्हा उचलत होती. दिवेलागण झाली, यंत्र खोळंबले, आणि बाईंचा फोन बाहेर चपलांपाशी वाजून वाजून गप्प झाला. शेवटी हणमंतराव स्वतः तणतणत रिक्षा करून आले. बाईंस उठवावयाचे म्हणून दारात उभे राहिले, मग चौकटीस टेकले, मग तेही खाली बसले. आणि बसल्या जागेवरून त्यांनी कचेरीस फोनवर हलक्या आवाजात हुकूम दिला की, रकाना कोरा जाऊ द्या, तळाशी एक ओळ घाला.

रविवारी दौलतीने पाहिले, तो अर्धी जहागीर पांढरी, आणि तळाशी छापिले होते: ‘गुलाबराव जमदाडे वाजवीत आहेत. बाई ऐकत आहेत.’ दिवाणसाहेबांनी पत्र उलटे केले, सुलटे केले, त्यांस हसावयास जागा सापडली नाही. आणि गुलाबरावांनी आखडल्या बोटांनी कात्री धरून तो कोरा रकाना कापला आणि घडी न घालता भिंतीवर लावला.

सारांश, बाईंनी जन्मभर बहुत लिहिले आणि उत्तम लिहिले, परंतु त्या भिंतीवर आहे ते त्यांचे एकच. हकीकत जशी कळली तशी लिहिली. येथे लेखणी थांबली.