आप्पांनी न वाचलेलं बिल

शिरूरच्या सुपरमार्केटात बिलाची घोषणा होते, असं मी कंपनीत सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. बिल मिळतं, पिशवी मिळते, फार तर सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट मिळतं, घोषणा कुठली? पण आमच्या शेजारचे सोनवणे आप्पा दर रविवारी काउंटरपाशी उभे राहायचे, बिलाची पट्टी डोळ्यांसमोर धरायचे आणि घसा साफ करून सुरू व्हायचे, "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. कपडे धुण्याचा साबण, तीन वड्यांचा पुडा, छापील किमतीपेक्षा चार रुपये पुढे धावत आहे!"

आप्पांची सगळी नोकरी दौंड जंक्शनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. रिटायर होऊन ते शिरूरला आले, माइक तिकडेच राहिला, आवाज मात्र सोबत आला. एरवी त्यांचं बोलणं गावातल्यांसारखंच, 'हाय' आणि 'न्हाई'चं. हातात बिल आलं की थेट फलाट क्रमांक दोन.

दुकान तेव्हा नवंच होतं. कारेगाव-रांजणगावच्या कंपन्यांमुळे गावात पगारदार वाढले, आणि वाण्याला यादी देऊन ओट्यावर बसणारे आम्ही लोक गारेगार हवेत ट्रॉली ढकलायला लागलो. वस्तू लाल उजेडासमोरून फिरवली की कॉम्प्युटर 'टिक्' करून किंमत सांगायचा. कॉम्प्युटर चुकत नाही, याची आम्हाला पुरेपूर खात्री होती. आप्पांना नव्हती.

"आरं, मशीन चुकत न्हाई, पर मशीनला सांगनारा चुकतो का न्हाई?" ते म्हणायचे. "रॅकवरची चिठ्ठी, पाकिटावरची छपाई आन् बिल. तिन्हीचा मेळ बसला पायजे."

हा मेळ ते कुठेही बसवायला घ्यायचे. माझे सासरे एकदा मिठाई घेऊन आले, तर आप्पांनी खोकं उलटंपालटं करून आधी किंमत शोधली आणि मगच पेढा उचलला. तो गृहस्थ कोण होता, असं सासरे मला अजून विचारतात.

दुकानात फरक निघाला की तो परत मिळाल्याशिवाय आप्पा जागचे हलत नसत. मागे रांग ताटकळायची, आणि रांगेत नेमका मी असायचो. एकदा मी वैतागून म्हणालो, "आप्पा, चार रुपये मी देतो, पण चला."

"तू कशापायी देतोस? जादा तू घेतलंस का?"

बरं, माणूस चुकीचा असता तर भांडता तरी आलं असतं. आप्पा दर वेळी बरोबर असायचे, आणि त्यामुळे मला त्यांचा जास्तच राग यायचा.

त्या रविवारीही मी त्यांच्या मागेच होतो. काउंटरवर नेहमीची सुवर्णा, मांडवगण फराट्याहून एसटीनं येणारी. बिल फाडून हातात देताना ती खालमानेनं पुटपुटली, "आप्पा, आज नगा वाचू."

"का गं?"

"चुकीचं पैसं परत दिलं की माज्या पगारातनं कापत्यात. आनि आता एक जरी चूक निघाली तर उद्यापासनं येऊ नको म्हनलेत."

"रेट तू भरतीस का मशीनमदी?"

"न्हाई, शेठचा भाचा भरतो. पर काउंटरवर मी बसते ना."

शेठ लग्नाला गेले होते आणि तो भाचाच त्या दिवशी दुकान सांभाळत होता. दाराशी उभा राहून तो आमच्याकडेच बघत होता. आप्पांनी बिल वाचलं. मनातल्या मनात. मीही त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. तेलाच्या पिशवीवर सहा रुपये जास्त लागले होते.

मागून कुणीतरी हाक दिली, "आप्पा, आज गाडी लेट हाय का?"

"सगळ्या गाड्या येळेवर," आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला ते आजारी वाटले.

मला वाटलं, संपलं. पण आप्पा दाराकडे न जाता परत आत वळले. तेलाच्या रॅकपाशी जाऊन त्यांनी तिथल्या उरलेल्या अकराच्या अकरा पिशव्या ट्रॉलीत भरल्या आणि पुन्हा रांगेत येऊन उभे राहिले.

"हॉटेल टाकताय का काय, आप्पा?" मागची बाई म्हणाली.

"व्हय," आप्पा म्हणाले.

सुवर्णानं एकेक पिशवी फिरवली. अकरा वेळा 'टिक्' झालं, अकरा वेळा सहा रुपये जास्त लागले, आणि आप्पांनी ते मोजून दिले. एका रुपयासाठी तासभर उभा राहणारा हा माणूस! पिशव्या रॅकवर राहिल्या असत्या, तर जो उचलेल तो फसला असता. बोललं असतं, तर पोरीची नोकरी गेली असती. सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं.

पिशव्या मी स्कूटरवरून त्यांच्या घरी पोचवल्या. काकू गेल्यापासून आप्पा एकटेच. स्वयंपाकघरात एक ताट, एक तांब्या, आणि महिनाभर पुरेल एवढी तेलाची बुटकी बरणी.

"उद्या शेठला एकट्याला गाठतो," आप्पा पिशव्या फळीवर लावत म्हणाले. "रेट भाच्यानं भरायचा आन् पगार पोरीचा कापायचा, ही कुठली रीत? ग्राहक मंचाचा कागद दावला की सुतासारखा सरळ हुईल. पर तिचं नाव घ्यायचं न्हाई."

"ते ठीक आहे आप्पा, पण तिथल्या तिथे गप्प कसे बसलात तुम्ही?"

आप्पांनी पुढची पिशवी उचलली. मग म्हणाले, "आमची आई दुकानाभाईर हुभी ऱ्हायची. आमाला आत जायची सोय न्हवती. दुकानदार वरनं पुडी टाकायचा आन् मागंल तेवढं पैसं आई पायरीवर ठिवायची. भाव इचारला तर माल बंद. म्या लहान. एकडाव इचारनार, तर तिनं माजा हात गच्च धरला. म्हनली, नगं इचारू, बाबा."

हातातली पिशवी त्यांनी फळीवर ठेवली.

"सुवर्णा 'नगा वाचू' म्हनली ना, तवा तिचं तोंड अगदी आईवानी झालं व्हतं."